यातला पिकलेला कुठला?

ता. ३ जून

चि. चिकटू,
अनेक आशीर्वाद.

या पत्राच्या पाठीमागे तुला अर्ध्या साबणाचं चित्र दिसेल. मामाला कोरा कागद परवडेनासा झाला असं समजू नकोस. चुकलेल्या खोक्याच्या पाठीवर लिहिल्याशिवाय माझं पेनच चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि फोन का केला नाही म्हणशील, तर आपल्या ऑफिसला दार आहे, पण भिंत छताला टेकलेली नाही. मी इकडे शिंकलो की तिकडून पॅकिंगच्या मावशी औषध सुचवतात.

गोष्ट अशी. एक औषधाची कंपनी आपल्याला खोक्यांचं काम द्यायला तयार झाली आहे. आजवर आपण साबण, मेणबत्त्या आणि बूट छापले, औषध पहिल्यांदाच. त्यांचा माणूस येऊन मशीन बघून गेला, खूश झाला. पण आतल्या खोलीत, जिथे मास्तर खोक्यांची चित्रं नि रंग जुळवतात, तिथला त्यांचा मॅक बघितला आणि त्याचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं. कंपनीचं खोक्याच्या मापांचं आणि रंगांचं सॉफ्टवेअर म्हणे फक्त विंडोजवर चालतं. मास्तरांचा मॅक तर इतका म्हातारा आहे की त्याचं नवीन काही येणंच बंद झालंय. सकाळी चालू केला की मास्तर हातपाय धुऊन, पेपर वाचून येतात, तरी तो जागा झालेला नसतो.

चार जण मला चार दिशांना ओढतात. एक म्हणतो, नवा मॅक घ्या, चित्रकाराचं यंत्र तेच. दुसरा म्हणतो, विंडोज घ्या, कुठल्याही कोपऱ्यावर दुरुस्त होतो. मी पाट्या रंगवणारा माणूस. शिडी हलली तर तोल कसा सांभाळायचा ते मला कळतं, या डब्यांतलं नाही. तू तिकडे ऑफिसात रोज हेच चित्राचं काम करतेस, तू सांग. तू सांगशील ते डोळे मिटून घेईन.

मास्तर बरे आहेत. तुझी आठवण काढतात.

तुझा,
मामा

ता. ९ जून

ती. मामांस,
सा. न.

साबणाचं चित्र मिळालं. फेस छान उतरलाय, नाव तेवढं उलटं छापलंय.

मामा, चित्राला मॅक कळत नाही नि विंडोजही कळत नाही. आम्ही वापरतो ती सॉफ्टवेअरं दोन्हीकडे तीच आहेत. आमच्या ऑफिसात निम्मे लोक इकडचे, निम्मे तिकडचे. भांडतात ते फक्त जेवायच्या सुट्टीत. पैसे घालायचेच असतील तर पडद्यावर घाला. पडदा खोटं बोलला तर डबा कितीही महाग असला तरी व्यर्थ. शिवाय पडद्याचे रंग महिन्यातून एकदा यंत्र लावून तपासून घ्या.

तुमच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तर विंडोज घ्या. एक काळजी मात्र घ्या. मॅकवरचे फॉन्ट तिकडे जसेच्या तसे जातील असं धरू नका. जुनं प्रत्येक खोकं नव्या यंत्रावर उघडून अक्षर न् अक्षर बघा. सगळं नीट उतरलं की मॅकला निवृत्त करा.

मास्तरांना नमस्कार सांगा. 'यातला पिकलेला कुठला?' अजून विचारतात का सगळ्यांना?

तुमची,
चिकटू

ता. २० जून

चि. चिकटू,
अनेक आशीर्वाद.

विचारतात म्हणजे काय! छपाईच्या आधी दोन नमुने टेबलावर मांडायचे, समोर जो सापडेल त्याला धरायचं नि विचारायचं, "यातला पिकलेला कुठला?" समोरचा म्हणाला डावीकडचा, की लगेच "का?" मग त्याने सांगायचं, हा टोमॅटोसारखा आहे, तो विटेसारखा. मास्तर डोळे मिटून मान हलवणार. सगळा छापखाना या तोंडी परीक्षेला घाबरतो. तू तर सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की रोज द्यायचीस. अठ्ठावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो: आमच्याकडे रंगाला यंत्र नाही, मास्तरांचा डोळा आहे.

तर त्या डोळ्याच्या धन्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. 'मॅकला निवृत्त करा' इथवर ते ऐकत होते. मग उठले नि म्हणाले, "त्याच्याबरोबर मलाही करा." मला वाटलं थट्टा. म्हटलं, "मास्तर, तुमच्या दोघांचं लग्न मी लावलं नव्हतं." हसले नाहीत. कधी नव्हे ते. म्हणाले, "मालक, त्या पडद्यावर रंग खोटे दिसतात." म्हटलं, अजून यंत्र आलंच नाही, खोटे कुठे दिसले? तर पेपर उचलून आत गेले.

आता दुसरी गोष्ट. ही फक्त तुला सांगतो. दर शनिवारी दुपारी मास्तर आतल्या खोलीचं दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलतात. माझे कान तुला माहीत आहेत. मशीन चालू असताना कुठला रूळ कुरकुरतोय ते मी खुर्चीतून सांगतो. परवा ऐकलं: "पहिला की दुसरा? ... बरं. आणि खालची पट्टी? ... बरं बरं." आपल्या नव्या कामाचे नमुने आतच असतात. पलीकडच्या गल्लीतला छापखानाही या औषधवाल्यांच्या मागे होता. तोंडावर विचारायचं तर जीभ उचलत नाही. पण दार लावून बोलावं असं काय असतं, सांग.

मामा

ता. २६ जून

ती. मामांस,
सा. न.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मास्तरांवर संशय घेऊ नका. ते तसले नाहीत. फोन कुणाचाही असू शकतो. एकटा माणूस आहे, शनिवारी दोन शब्द बोलत असेल कुणाशी.

यंत्रांबद्दल मी पुन्हा विचार केला. माझ्या मते मास्तरांचा मॅक हलवू नका. ज्या यंत्रावर माणसाचा हात बसलाय त्यावर काम चांगलं होतं. चित्राच्या कामाला मॅक जास्त भरवशाचा, असं पुष्कळ लोक मानतात. औषधाचं काम एका विंडोजवर वेगळ्या माणसाकडून करून घ्या, किंवा ते काम घेऊच नका. साबण नि बूट वाईट आहेत का? औषधाची कटकट फार असते, नियम असतात. झेपेल का आपल्याला?

मास्तरांना त्यांच्या कोपऱ्यात राहू द्या. एवढं माझं ऐका.

तुमची,
चिकटू

ता. ४ जुलै

चि. चिकटू,

तुझी दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्यात लिहितेस, चित्राला मॅक कळत नाही नि विंडोजही कळत नाही. दुसऱ्यात, मॅक जास्त भरवशाचा. सतरा दिवसांत यंत्रं बदलली की तू? नमुना शेजारी ठेवून फरक बघायला मला तुझ्याच गुरूने शिकवलंय. आणि 'असं पुष्कळ लोक मानतात' हे वाक्य तुझं नव्हे. तुला स्वतःला जे पटलेलं नसतं तिथे तू लोकांना पुढे करतेस. लहानपणी मशीनवर शाई सांडली तेव्हाही 'कुणीतरी सांडली' म्हणाली होतीस.

काम मी घेतलं आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या साबणाला फेस काढला, आता जरा बरं काम आलंय तर नाही म्हणू? विंडोजची चार यंत्रं आली. पडदे तू सांगितलेस तसेच. मास्तरांचा मॅक कपाटात ठेवला.  कपाटाची किल्ली त्यांनी दोनदा मागितली.

त्यांचा हात चालत नाही हे खरं आहे. मॅकवर त्यांनी स्वतः साठवलेले चारशे रंग होते, प्रत्येकाची जागा बोटांना पाठ. ते सगळे शाईच्या टक्क्यांत. टक्के सांगा, मास्तर रंग सांगणार. औषधवाल्यांचं तसं नाही. त्यांचे रंग कुलूपबंद येतात, टक्के दिसतच नाहीत. नुसता क्रमांक, आणि सोबतच्या तक्त्यावर त्या क्रमांकापुढे रंगाचा चौकोन. मी म्हटलं, हे तर आणखी सोपं, बघायचं नि लावायचं. मास्तर त्या तक्त्याकडे कुणाच्या मयताचं पत्र आल्यासारखे बघत बसले होते.

तुला काही ठाऊक असेल तर सरळ सांग. आडून नको.

मामा

ता. १० जुलै

ती. मामांस,
सा. न.

सध्या कामाचा फार व्याप आहे म्हणून चारच ओळी. मला काही ठाऊक नाही. मास्तरांना जरा वेळ द्या. तक्ता बघताना कुणीतरी शेजारी बसत जा, दोघांनी बघितलेलं बरं.

तुमची,
चिकटू

ता. २ ऑगस्ट

चि. चिकटू,

जे झालं ते सांगतो. कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

एकाच औषधाची दोन खोकी होती. साध्या ताकदीच्या गोळीला हिरवी पट्टी, चौपट ताकदीच्या गोळीला लाल. बाकी खोकं सारखंच. आकडा खाली बारीक. दवाखान्यात घाईची वेळ असते, माणूस पट्टी बघूनच हात घालतो, असं कंपनीच्या माणसाने मला दोनदा बजावलं होतं. मास्तरांनी पट्ट्या उलट लावल्या. हिरवीच्या जागी लाल, लालच्या जागी हिरवी. चाळीस हजार खोकी छापून, कापून, चिकटवून तयार झाली. गाडी दाराशी लागलेली. पॅकिंगच्या मावशींनी एक खोकं उचललं नि म्हणाल्या, "मालक, माझ्या सासऱ्यांना हीच गोळी आहे. त्यांच्या खोक्याला हिरवं असतं. हे लाल का?"

मावशींचे सासरे आजारी नसते तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

सगळा माल परत उतरवून घेतला, कंपनीला मीच कळवलं. नमुन्यावर सही माझी होती. तक्ता न बघता केली. मास्तरांनी बघितलंय म्हटल्यावर मी कधी बघतो? मी मास्तरला आत बोलावला. दार लावलं, पण भिंत छताला टेकत नाही. सगळ्यांनी ऐकलं असणार. म्हटलं, "पोरसवदा कारागीर सांगेल हा हिरवा नि हा लाल. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे मास्तर! हे चुकून होत नाही. कुणासाठी केलंत?" पलीकडच्या गल्लीचं नावही घेतलं.  त्याने कपाटाची किल्ली, जी मी कधी दिलीच नव्हती नि त्याने कुठूनशी मिळवली होती, ती खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

तुझ्या मास्तरला तू चांगला म्हणालीस. ऐकलं मी तुझं. आता तू माझं ऐक.

मामा

ता. ८ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न.

शनिवारचा फोन मला असायचा.

हे मी जूनमध्येच लिहायला हवं होतं. मास्तरांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. दोन्ही त्यांना वाळल्या गवतासारखे दिसतात, असं एकदा म्हणाले होते; जांभळा नि निळाही त्यांचा एकच होतो. टक्के पाठ आहेत म्हणून काम चालतं. जिथे टक्के पुरत नाहीत तिथे ते विचारतात; समोरच्याला, नाहीतर नमुन्यांचा फोटो पाठवून मला.

मामा, ती परीक्षा नव्हती. सात वर्षांची मी टेबलाला नाक लावून उभी राहायचे आणि सांगायचे, हा पिकलेला टोमॅटो, हा विटेचा. मला वाटायचं मी बरोबर उत्तर देते. ते डोळे मिटून ते लक्षात ठेवत असायचे. मी बारावीत असताना एकदा मुद्दाम, गंमत म्हणून उलटं सांगितलं. त्यांनी तसंच छापायला दिलं. तेव्हा कळलं. मी रडत गेले, तर म्हणाले, "पोरी, रडू नकोस, फक्त पुन्हा खोटं सांगू नकोस." त्यांच्याकडून रंग शिकले असं मी आजही सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही. रोज कुणीतरी 'का?' विचारलं म्हणून मी बघायला शिकले.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी यंत्राचा विचार केला, त्यांचा केलाच नाही. मग त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "तुझ्या मामाने तुझं पत्र वाचून दाखवलं." म्हणून माझं दुसरं पत्र तसं झालं.

आता सगळ्यात वाईट. तुम्ही संशयाचं लिहिलंत आणि मी घाबरले. ठरवलं, हे फोन बंद झाले पाहिजेत, नाहीतर दोघेही पकडले जाऊ. त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून नुसते उचलायचे थांबवले. त्या पट्ट्यांच्या शनिवारी त्यांचे तीन फोन आले. तीन, मामा. मी फोन पालथा घालून ठेवला होता.

औषध आहे हे मला माहीत होतं. तरी मी 'मला काही ठाऊक नाही' असं लिहिलं. मला काय बोलायचं ते बोला. पण त्यांना विकला गेलेला म्हणू नका. त्यांनी कधीच लपवलं नाही, रोज सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं. तुम्हांला मशीनचा रूळ कुरकुरलेला खुर्चीतून कळतो. अठ्ठावीस वर्षं तो एक प्रश्न होता, हे कळलं नाही?

तुमची,
चिकटू

ता. २५ ऑगस्ट

चि. चिकटू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझा राग राग केला. औषध ते औषध. तिथे माया आड येऊ द्यायची नसते. हे तुला एकदा सांगायचं होतं, सांगितलं. पुन्हा काढणार नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. एक खोली, एक खिडकी. दोरीवर शर्ट वाळत होते. कॉलरच्या आतून प्रत्येकाला दोऱ्याने आकडा शिवलेला. एक ते सहा. बायकोने मरायच्या आधी शिवून ठेवले म्हणाले, विजारींनाही, म्हणजे कुठल्यावर कुठली ते आकड्यावरून कळावं. आणि वार ठरवून शर्ट घालतात म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांची टिंगल करत होतो की मास्तर, आज सोमवारचा शर्ट वाटतं! कसे हसायचे गं ते माझ्याबरोबर.

म्हटलं, "पहिल्या दिवशीच सांगायचं होतं."

म्हणाले, "सांगितलं असतं तर ठेवलं असतंत, मालक?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. "नसतं ठेवलं," म्हटलं.

"मग?" एवढंच म्हणाले. मी परत या म्हटलं. औषधाला हात लावायचा नाही; मापं बघा, अक्षरं बघा, तुमच्यासारखं अक्षर कुणाला बसवता येत नाही. तर म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं तुम्ही माझा डोळा विकलात. आता हात ठेवून घेता?" नि दार लोटून घेतलं. हळूच लोटलं, आपटलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

कंपनीने काम काढून घेतलं नाही, पण आता रंगाला दोन सह्या लागतात आणि तक्ता मोठ्याने वाचावा लागतो. ते बरंच आहे. मग विचार केला, निदान मास्तरांचे ते चारशे रंग नव्या यंत्रावर घ्यावेत, जुनी गिऱ्हाइकं अडायला नकोत. यंत्रं जोडून गेलेल्या माणसाला बोलावलं. मॅक कपाटातून काढला. मॅकवर नुसते रंगीत चौकोन दिसत. प्रत्येकाचं नाव बघायचं तर बाण त्यावर थांबवावा लागे, आणि मास्तरांच्या खुर्चीवर दुसरं बसतंय कोण? विंडोजवर उघडले तर चौकोन एवढेसे झाले आणि शेजारी नावांची यादीच्या यादी उभी राहिली.

तो माणूस म्हणाला, "ही कसली नावं?" मी त्याला चहा प्यायला पाठवलं.

'चिकटूचा पिकलेला.' 'चिकटूचा कच्चा.' 'चिकटूची वीट.' तुझ्या नावाचे शंभराच्या वर आहेत. 'मावशींचा पोपटी.' 'बायकोच्या शालीचा.' कुणी त्यांना कुठला रंग सांगितला तो त्या माणसाच्या नावाने ठेवलेला. आपला सगळा छापखाना त्या यादीत आहे. आणि मीही आहे. 'मालकांचा निळा', 'मालकांचा गडद निळा', 'मालकांचा विझलेला पिवळा'. एकसष्ट मोजले. मी कधी सांगितले ते मला आठवतसुद्धा नाही. जाता येता त्यांनी दोन नमुने समोर धरले असतील नि मी म्हटलं असेल, हा घ्या, नि पुढे गेलो असेन.

त्या एकसष्टांतला शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव असं: 'मालकांचा हिरवट, आता विचारू नये.'

मी तो पडद्यावर मोठा करून बघितला. मला तो हिरवटच दिसला. मावशींना हाक मारली, म्हटलं, हा कुठला? म्हणाल्या, "निळा की हो, स्वच्छ निळा. का?"

परवा डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या मते दोन-तीन वर्षांपासून असेल. पिवळी काच लावल्यासारखं होतं, माणसाला स्वतःला कळत नाही. मास्तरांना कळलं होतं. नुसत्या कानाने. माझी उत्तरं बाकीच्यांशी जुळेनाशी झाली म्हणून. त्यांनी मला विचारणं बंद केलं आणि दोन वर्षं कुणाला एका शब्दाने कळू दिलं नाही. मलासुद्धा. आणि मी त्यांना भरल्या छापखान्यात म्हटलं, कुणासाठी केलंत.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मॅक परत त्यांच्या टेबलावर मांडलाय, शेजारी विंडोज. दोन्ही राहतील, कुठला चांगला हे मी आता कुणाला विचारणार नाही. मास्तर येतील की नाही ठाऊक नाही. येणार नाहीत असंच वाटतं. उद्या सकाळी पुन्हा जातोय. मालक म्हणून गेलो तेव्हा दार लोटलं. या वेळी साबणाचे दोन नमुने बगलेत मारून जातोय. दारातच त्यांच्यासमोर धरणार नि विचारणार, "मास्तर, यातला पिकलेला कुठला?" त्यांनाही सांगता येणार नाही आणि मलाही. मग तरी आत घेतील.

शनिवारी फोन उचलत जा. त्यांचा नसला तर माझा असेल.

तुझा,
मामा